निंबाचा ओला गाल

निंबाचा डावा गाल कायम ओला असे. गॅरेजच्या दाराशी पाण्याची कोठी होती. तिच्यात दोन बोटं बुडवायची, गालावर फिरवायची आणि उघड्या बॉनेटमध्ये वाकायचं. मग एकेका पाईपाच्या कडेकडेने गाल हळूहळू पुढे न्यायचा. कुठे बारीक हवा सुटत असली की ओल्या कातडीला ती गार लागते. तिथे निंबा पिवळ्या खडूने फुली मारी आणि मुकाट्याने बाजूला होई.

लोटू म्हणायचा, निंबाभाऊ गाडीचे मुके घेतो म्हणून घरी मालतीवहिनी रुसून असते. गॅरेजातले सगळे हसत. निंबाही हसे, पण बाकीच्यांच्या जरा मागून. त्यांची तोंडं हलताना दिसली की तो हसे.

गाल ओला करणं ही त्याची खासियत आहे असं सगळ्यांना वाटे. खरं कारण एकट्या मालतीबाईला ठाऊक होतं. निंबाला ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिरा नव्हता तो. ट्रकचा भोंगा कळे, पत्र्यावर हातोडा पडला तर कळे. पण फाटक्या रबरातून निघणारी बारीक सूं, जिच्या जिवावर त्याला ही नोकरी मिळाली होती, ती दोन वर्षांपूर्वीच त्याच्या कानांतून निघून गेली होती. आणि हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर त्या दिवशी कामाचा शेवट होता.

ही नोकरी त्याला मिळाली त्याचीही एक गोष्ट आहे. दोंडाईच्याकडचा हा माणूस विसाव्या वर्षी सुरतेला आला, डिंडोलीत राहिला, आणि पहिली चौदा वर्षं त्याने शटलचे लूम, म्हणजे कापडाचे माग, चालवले. एका माणसाकडे आठ लूम, बारा तासांची पाळी. तिथे कानात बोळे घालायचे असतात असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर बाकीच्यांनी त्याला नवरी म्हणून चिडवलं असतं. नंतर तो कडोद्याच्या एका मोठ्या शेडमध्ये लागला. तिथले लूम हवेवर चालत. धागा शटलने नाही, हवेच्या फुंकरीने इकडून तिकडे जाई. त्यामुळे सगळ्या शेडभर हवेचे पाईप, आणि पाईप म्हटले की गळती आली. आठवड्याच्या सुटीला लूम बंद ठेवून नुसता कंप्रेसर चालू ठेवत आणि निंबाला आत सोडत. त्या सुन्या शेडमध्ये हा अनवाणी फिरे. चपलेचा आवाजसुद्धा नको म्हणे. संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस जागी खडूच्या फुल्या. मालक म्हणायचा, ह्याला मांजराचे कान आहेत.

असाच एकदा तो बाहेरचं काम म्हणून ह्या गॅरेजात कंप्रेसरचा पट्टा बदलायला आला होता. धनसुखभाईंचं गॅरेज, जुन्या टर्बो गाड्यांची कामं. हौशी लोक वापरलेल्या स्पोर्ट गाड्या घेतात, वेड्यासारख्या पळवतात, बिघडल्या की इथे आणतात. त्या दिवशी एका गाडीपाशी तीन फिटर दोन दिवस डोकं धरून बसले होते. गाडी जोर धरत नव्हती. निंबा पट्टा खांद्यावर टाकून जवळून गेला, थबकला, आणि म्हणाला की त्या खालच्या नळीला क्लॅम्पच्या आत चीर आहे. क्लॅम्प काढून बघितला. चीर होती. नखाएवढी.

टर्बो म्हणजे काय हे निंबाला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते त्याला चुलीवरून समजलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. फुंकणीला तडा गेला की वारा बाजूने जातो, जाळ बसतो आणि चूल धुरकटते. गाडीचंही तसंच, जोर जातो आणि मागून काळा धूर निघतो. एवढं कळलं की पुरे. बाकी हवा ती हवाच, शेडमधली काय आणि गाडीतली काय.

धनसुखभाईंनी त्याला ठेवून घेतलं. धूर सोडून गळती शोधायचं मशीन बाजारात मिळतं, सगळ्या मोठ्या गॅरेजांत आहे. पण कुणी मशीनचा विषय काढला की धनसुखभाई निंबाच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "आ रह्युं मारुं मशीन. लाईट जाय तोय चाले." गिऱ्हाइकांना ते निंबाची ओळखही अशीच करून देत. निंबा मान खाली घाली. पहिली काही वर्षं लाजून घाले, आणि नंतर भीतीने.

कान गेल्याचं त्याला कळलं ते कानबाईच्या विसर्जनाला. डिंडोलीत श्रावणात खान्देशी घरं कानबाई बसवतात, सोमवारी वाजतगाजत उठवतात. निंबा बँडच्या गाडीला लागून चालत होता. ढोल छातीत लागत होता, पायांना जमीन हलल्यासारखी वाटत होती, पण पुढे क्लॅरनेट फुंकणाऱ्याचे गाल नुसते फुगत होते. गाल फुगतायत, बोटं नाचतायत आणि सूर कुठे नाही. त्याने घरी येऊन मालतीबाईला सांगितलं. तिने आधी तेल कोमट करून कानात घातलं, आठवडाभर. मग म्हणाली,

"सांगी द्या त्यास्ले. कान गयात, हात ते शेतच ना."

"तठे माले कानवरच ठेयेल शे," निंबा म्हणाला.

तो निभावून नेत होता ते लूमच्या विद्येवर. लूमच्या शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथे माणसं तोंडाकडे बघून बोलतात. ओठ वाचतात, हाताने सांगतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला, मनगट चाटलं की पाणी आण, मूठ कानाला लावली की मालक आला. चौदा वर्षं हे केलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसलं की पुरतं. अडचण होती ती धनसुखभाईंची, कारण त्यांच्या गालात दिवसभर तंबाखूचा मावा. ओठ मिटून, हनुवटी वर करून ते काहीतरी गुळगुळ बोलत आणि निंबा अंदाजाने मान हलवी. एकदा त्यांनी चहाचं कुणी सांगितलं का विचारलं आणि निंबाने उठून नळी लावली नि त्यांची स्कूटर धुवायला घेतली. गॅरेज हसून लोळलं. तेही विसरलं गेलं. निंबाभाऊ आपल्या तंद्रीत असतो, मोठा कारागीर असाच असायचा, असं लोटूच सगळ्यांना समजावून सांगे.

लोटूबद्दल सांगायला हवं. तोही लूममधलाच, निंबापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. कडोद्याच्या शेडमधून निंबानेच त्याला इथे आणलं. तोंडाने वाईट, हाताने चांगला. दुपारी दोघं एकाच डब्यावर बसत. लोटूची बायको कविता ठेचा फार तिखट करी आणि निंबा तो डोळ्यांतून पाणी काढत खाई. इतक्या जवळच्या माणसालाही त्याने कानाचं सांगितलं नव्हतं. सांगू सांगू म्हणता ते राहिलं. नंतर इतके दिवस लपवलंस का, ह्याचं उत्तर देणं अवघड झालं.

मग गजेंद्रची लाल गाडी आली.

गजेंद्र मूळचा डिंडोलीचाच, ह्यांच्याच वस्तीतला. एके काळी बॉबिन भरायचा, आता जुन्या गाड्या बाहेरून आणून विकतो, गळ्यात चेन, मनगटात कडं. ही दोन दारांची टर्बो गाडी त्याने दिल्लीकडून आणली होती. दुपारी चार वाजता गिऱ्हाईक बघायला येणार होतं. आणि गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत वाघ आणि पुढे शेळी. दाबलं की मागून काळा लोट. दुसऱ्या एका गॅरेजात कॉम्प्युटर लावून बघितला होता. तो सांगे हवा कमी पडते, कुठे ते सांगेना. गजेंद्र म्हणाला, कॉम्प्युटर झाला, आता आपल्या माणसाचा कान लावू.

तपासायची रीत साधी आहे. इंजिन बंद. टर्बोकडे हवा जिथून शिरते ते तोंड टोपीने बंद करायचं, टोपीला ट्यूबचा व्हॉल्व बसवलेला असतो, त्यातून कंप्रेसरची हवा आत सोडायची. एक किलो, फार तर दीड किलो प्रेशर. मग सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. ह्यांची टोपी नळाच्या दुकानातून आणलेली, जाड प्लास्टिकची. लोटूने ती बसवली, क्लॅम्प लावला, पान्याने कचकचून आवळला आणि सवयीने वर दोनदा थोपटलं. निंबाने ते बघितलं होतं. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

दीड किलोवर साबण मारून झाला. एक बुडबुडा नाही. निंबाने गाल ओला केला आणि हात पोचेल तिथपर्यंत सगळ्या नळ्यांवरून फिरवला. काही गार लागलं नाही. हवा तर कुठून तरी जात होती, कारण प्रेशरच्या घड्याळाचा काटा खाली घसरत होता. एकच जागा राहिली होती, पुढच्या बंपरच्या मागे, जिथे हवा थंड करायची जाळी असते. तिथे साबण जात नव्हता आणि गालही जात नव्हता. तिथे फक्त कान गेला असता.

लोटू म्हणाला बंपर काढू. गजेंद्रने घड्याळ दाखवलं, बंपर काढून परत बसवायचा म्हणजे संध्याकाळ, चारचं गिऱ्हाईक निघून जाईल. धनसुखभाई मावा चघळत खुर्चीत बसले होते. त्यांनी निंबाकडे हात केला. म्हणजे मशीन आहे ना आपलं. गजेंद्र म्हणाला, "निंबाभाऊ, तुम्हाले कसाले पाहिजे बंपर काढाले?"

त्या घटकेला निंबा हो म्हणाला असता, बंपर काढा, तर काहीच झालं नसतं. निंबाचा शब्द तिथे कुणी मोडला नसता. पण दोन वर्षांत प्रत्येक वेळी त्याला वाटे, आज कळणार. आज ह्यांना कळणार. तो म्हणाला की गरज नाही, सापडेल.

कंप्रेसर भिंतीला होता, गाडीपासून पाच-सहा हात लांब. गजेंद्र धनसुखभाईंना घेऊन बाहेर चहाला गेला आणि निंबा कंप्रेसरच्या नॉबपाशी गेला. शेडमधल्या माणसाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो. बारीक गळती ऐकू येत नसेल तर प्रेशर वाढवा, ती बोलायला लागते. शेडमध्ये लाईनला सहा किलो असत. लोखंडी पाईप ते सहज सोसत. निंबाने दोन केलं. लोटू इंजिनावर वाकून साबणाची बाटली धरून होता. शेजारच्या दुकानात रंगकाम चाललं होतं, त्या वासाने त्याने नाकातोंडाला रुमाल बांधला होता.

निंबाने त्याच्याकडे बघितलं. लूमवाल्याची सवय. विचारायचं झालं की तोंडाकडे बघायचं. लोटूही त्याच्याकडे बघत होता. रुमालावरून दोन डोळे, भुवया वर गेलेल्या. निंबाला वाटलं, म्हणतोय अजून थोडं.

त्याने अडीच केलं. परत बघितलं. लोटूने मान हलवली, डोळे मोठे केले. रुमाल जरासा हलला.

तीन.

टोपी सुटली तो आवाज निंबाला ऐकू आला. दोन वर्षांत इतकं स्वच्छ त्याने काहीच ऐकलं नव्हतं. बंदुकीच्या बारासारखा. मग लोटू हात डोळ्यावर घेऊन खाली बसलेला दिसला आणि बोटांतून रक्त येताना दिसलं. लोटूचं तोंड उघडं होतं, रुमाल निसटून गळ्यात आला होता. त्या तोंडातून काय निघत होतं ते निंबाला ऐकू आलं नाही. पण ते वाचावंच लागलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रात्र न घालवता डोळा काढला. उजवा. गालाचं हाडही मोडलं होतं.

पुढचे दोन दिवस निंबा कामावर गेला आणि काही बोलला नाही. लोकच बोलत होते. धनसुखभाईंनी टोपी उचलून बघितली, टोपीला तडा नव्हता. म्हणजे ती निसटली. म्हणजे क्लॅम्प ढिला होता. क्लॅम्प कुणी बसवला होता? लोटूने. हे त्यांनी मावा थुंकून, तोंड मोकळं करून सगळ्यांना सांगितलं, त्यामुळे निंबाला एकेक शब्द दिसला. पुढे असंही म्हणाले की दवाखान्याचं मी बघेन, पण क्लॅम्प नीट न आवळणारा माणूस परत कामावर घ्यायचा म्हणजे विचार करावा लागेल. नॉबजवळ कोण होतं हे कुणी विचारलं नाही. निंबाचा हात चुकेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि निंबाने पान्याने आवळलेला तो क्लॅम्प स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता.

तो घरी जेवला नाही. मालतीबाईने ताट झाकून ठेवलं आणि समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून, एवढंच म्हणाली की उद्या दवाखान्यात जा.

तिसऱ्या दिवशी तो गेला. लोटू खाटेवर उशीला टेकून बसला होता, अर्धं तोंड पट्टीत, पण ओठ मोकळे. कविता पायथ्याशी मोसंबी सोलत होती. निंबाला बघून ती उठली नाही. निंबा स्टुलावर बसला, लोटूच्या समोर, तोंड दिसेल असा. लोटू हळूहळू, जबड्याला त्रास होत होता म्हणून एकेक शब्द वेगळा करून बोलला. निंबाला ते वाचायला फार सोपं गेलं.

"मी तीन डाव थांब म्हणं. तू मनाकडेच देखी ऱ्हायंता. तरी नॉब फिरावा. काबर, भो? मी तुनं काय वाईट करं व्हतं?"

निंबा क्लॅम्पचं बोलायला आला होता. क्लॅम्प तू नीट लावला होतास, मी धनसुखभाईंना सांगतो, एवढं म्हणून निघायचं असं त्याने वाटेत ठरवलं होतं. हे मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तीन दिवस लोटू एका डोळ्याने भिंतीकडे बघत हेच मनात घोळवत होता की निंबाने जाणूनबुजून केलं. आपल्याकडे बघून, ऐकून, केलं.

"माले ऐकू येत नही, लोटू," तो म्हणाला. "दोन वरीस व्हई गयात."

लोटूचा एक डोळा त्याच्यावर खिळून राहिला. मग ओठ हलले, खोटं बोलतोस. कवितानेही मान वर केली. ती म्हणाली की तुम्ही आत्ताही ऐकताच आहात की. निंबाने तिच्याकडे बघून सांगितलं की मी ऐकत नाही, बघतो, लूमवर बघायचो तसं. ती मोसंबी हातात तशीच धरून बसली.

निंबा लोटूला म्हणाला, "तोंड झाक. मंग काय बोलाचं ते बोल."

लोटूने चादरीचं टोक उचललं आणि नाकापर्यंत ओढलं. पट्टी आणि चादर ह्यांच्या मधे एक डोळा तेवढा राहिला. चादर हलायला लागली. निंबाला वाटलं होतं एखादा शब्द बोलेल, नाव घेईल, शिवी देईल. पण चादर हलतच राहिली. मधे थांबली, पुन्हा हलली. बराच वेळ. निंबा त्या हलणाऱ्या कापडाकडे बघत हात मांडीवर ठेवून बसून राहिला. कविता तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावत होती. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा ह्यांच्याकडे बघत होता, म्हणजे आवाज मोठा असणार.

मग चादर खाली आली. लोटूचे ओठ मिटलेले होते. निंबाच्या तोंडाकडे त्याने बघितलं, निंबाला काही पोचलं नाही हे त्याला दिसलं, आणि तो उशीवर मान टाकून पडला.

निंबा उठून सरळ गॅरेजात गेला. धनसुखभाईंना त्याने दोन्ही गोष्टी उभ्याउभ्या सांगितल्या. क्लॅम्प पक्का होता, नॉब मी फिरवला. आणि मला ऐकू येत नाही. धनसुखभाई म्हणाले की गिऱ्हाइकांना मी काय सांगत आलो. ओरडले नाहीत. तसे ते भले गृहस्थ. लोटूची जागा त्यांनी राखली, निंबाचा डबा आणि चपला मात्र त्याच दिवशी घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात धूर सोडायचं मशीन आलं. गजेंद्रच्या गाडीचा बंपर काढला, जाळीच्या कोपऱ्यात जुन्या अपघाताचा तडा निघाला, वर कुणीतरी पुट्टी फासलेली. काढायला-बघायला दीड तास लागला. चारच्या आत झालं असतं.

आता निंबा कडोद्याच्याच दुसऱ्या एका शेडमध्ये आहे, पुन्हा शटलच्या लूमवर. आठ लूम, बारा तास. पन्नाशी उलटलेल्या माणसाला सहसा घेत नाहीत, पण ह्याला घेतलं, कारण तिथे कुणी कान विचारत नाही. तिथे तो सगळ्यांसारखाच. धागा तुटला की दोन बोटांची कात्री, पाणी हवं तर मनगट चाटायचं. नवीन पोरं कानात मोबाईलच्या वायरी घालून लूम चालवतात. तो त्यांना ओरडत नाही. ओरडून उपयोगही नाही.

लोटू मशीनवर बसतो. डाव्या डोळ्याने धूर बघायला अडचण येत नाही म्हणतात. दोघं वस्तीत समोरासमोर येतात तेव्हा लोटू मान हलवतो. थांबत नाही. डबा वेगळा झाला.

गेल्या श्रावणात कानबाईचे रोट करायला बायका जमल्या तेव्हा कविता आली होती. तिने आणि मालतीबाईने एका परातीत कणीक मळली. रात्रीचं जेवण झाल्यावर मालतीबाई निंबासमोर येऊन बसली, नेहमीसारखं तोंड त्याच्याकडे करून.

"चादरमाईन लोटू काय बोलना, ते कवितानी आज माले सांगं. सांगू का तुमले?"

निंबाने तिच्या ओठांकडे बघितलं. ते पुढचा शब्द बोलायला उघडत होते. त्याने डोळे मिटून घेतले आणि ती उठून गेल्याचं जमिनीवरून पायांना कळेपर्यंत ते उघडले नाहीत.